लाईन गेली, लाईन आली...

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी पुतणी लग्नानंतर जर्मनीत, स्टुटगार्टला राहते. रविवारी तिचा फोन ठरलेला. आम्ही दोघी बोलण्यात अगदी रंगलो होतो. कुरड्या कशा जमल्या, तिच्या लेकीला दात किती आले वगैरे वगैरे... आणि तेवढ्यात पंखा घरघरत थांबला. मी सवयीनं ओरडले, "अगं थांब, लाईन गेली!" वायफायही गेलं आणि कॉल तुटला.

तासाभरानं पुन्हा फोन आला तेव्हा पुतणी हसत होती. "काकू, तुम्ही आज माझ्या शेजारणीला कोड्यात टाकलंत!" म्हणाली. तिच्या शेजारी एक सत्तरीच्या जर्मन बाई राहतात. नातू इंग्रजी देशात असल्यामुळे त्या या वयात इंग्रजी शिकतात आणि सरावासाठी पुतणीकडे येऊन बसतात. माझं मराठी त्यांना शब्दानंही कळत नव्हतं. पण 'लाईन' हा एक शब्द त्यांनी बरोबर टिपला आणि लगेच विचारलं, "कोणती लाईन? काय झालं लाईनला?"

पुतणीनं सांगितलं, "वीज गेली."

बाईंनी वही उघडली, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "म्हणजे आणखी एक अर्थ!"

मैत्रिणींनो, त्या वहीत काय होतं ऐका. 'लाईन' या एका इंग्रजी शब्दासाठी बाईंना अख्खं पान लागलं होतं. दुकानासमोर माणसांची लाईन लागली, तर जर्मन भाषेत तिला म्हणायचं 'श्लांगे', म्हणजे चक्क साप! पुस्तकातली ओळ म्हणजे 'त्साइले'. कपडे वाळत घालायची दोरी म्हणजे 'लाइने'. बस किंवा मेट्रोची लाईन ती 'लीनिए'. चेहऱ्यावरची रेघ, म्हणजे आपली सुरकुती, ती 'फाल्टे'. आणि फोनची लाईन म्हणजे 'लाइटुंग'. बाईंची तक्रार अशी, की आम्ही प्रत्येक गोष्टीला आपापलं नाव दिलंय. इंग्रजांनी सगळं एकाच पोत्यात कोंबलं. आता मी बोलताना कोणती लाईन कुठली ते ओळखायचं तरी कसं?

मी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. हा प्रश्न मला नवा नव्हता. एका मुलीनं धड्यातल्या 'रीड द लाईन्स'चं भाषांतर 'रूळ वाचा' असं केलं होतं. वर्ग खो खो हसला. पण तिचं काय चुकलं? तिचं घर रेल्वे लाईनीच्या कडेला होतं. तिच्या लाईनीवर अक्षरं नव्हती, गाड्या होत्या!

फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, जर्मन बाईंना एक पान लागलं, आपल्याला किती लागतील? आणि मग मी दिवसभर कान देऊन ऐकत बसले.

सकाळपासून रात्रीपर्यंत

सकाळी सहाला शेजारीण ओरडली, "लाईन आली का वो ताई?" ही वीज. अर्ध्या तासानं नळाला करकर आवाज. "आपली लाईन चोकअप झाली वाटते." ही पाण्याची. दूधवाला म्हणाला, "आज उशीर झाला, माही लाईन मोठी आहे." ही त्याच्या घरांची. दुपारी शिवणवाल्या ताईकडे गेले, तर ती विचारते, "काकू, ब्लाऊजले लायनिंग टाकू काय?" हे अस्तर. संध्याकाळी अंबादेवीला गेले तर लेडीजची लाईन वेगळी, जेन्ट्सची वेगळी. शेजारच्या पोराला नोकरी लागल्याचे पेढे आले. त्याची आई म्हणाली, "लागला बाप्पा एकदाचा लाईनले!" आणि रात्री टीव्हीवर एक गोरीपान नटी चेहऱ्याला क्रीम चोळत 'फाइन लाइन्स' घालवत होती. आपल्या भाषेत सुरकुत्या. पण सुरकुत्या म्हटलं तर क्रीम कोण घेईल?

यातली पहिली लाईन खास आपली, वऱ्हाडची. पुण्या-मुंबईकडे 'लाईट गेले' म्हणतात. आमच्या कॉलनीत पुण्याहून बदली होऊन एक कुटुंब आलं होतं. पहिल्याच आठवड्यात समोरच्या काकूंनी त्या सूनबाईला विचारलं, "तुमची लाईन हाये काय?" ती बिचारी लाजून लाल! तिला वाटलं, लग्नाआधीचं काही विचारताहेत. काकूंना फक्त आपल्याच घरचा फ्यूज उडाला की काय, एवढंच पाहायचं होतं.

पण विचार केला तर आपलं म्हणणं जास्त बरोबर आहे हो. लाईट म्हणजे दिवा. वीज गेली की फक्त दिवाच जातो का? पंखा जातो, कूलर जातो, मिक्सर जातो, विहिरीवरची मोटर जाते. जाते ती खांबावरून येणारी तार, म्हणजे लाईनच. २००५ साली वीज मंडळाचे भाग पडून महावितरण झालं आणि त्याच सुमारास भारनियमनाचे ते दिवस सुरू झाले. आठवतात ना? लाईनच्या वेळापत्रकावर आपला स्वयंपाक, दळण आणि पोरांचा अभ्यास चालायचा. शेतावरच्या बाया तर रात्री-बेरात्री लाईन आली की ओलिताला उठायच्या. 'लाईन' या शब्दावर आख्खं घर जागं व्हायचं.

पाण्याची लाईन ही तर त्याहून जुनी वाट पाहणारी. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, अकोल्याला काटेपूर्णेचं. पण पूर्णा नदीच्या काठचा तो खारपाणपट्टा! दर्यापूरकडच्या सासुरवाशिणींना विचारा. विहीर दारात आणि पाणी तोंडात धरवत नाही. तिथे डोक्यावरचा हंडा उतरला तो दूरच्या धरणावरून पाईपलाईन आली तेव्हाच. म्हणून त्या गावांत 'आमच्याकडे लाईन आली' या वाक्याचा आनंद वेगळाच असतो.

छोटी लाईन, मोठी लाईन

माझं माहेर मूर्तिजापूर. तिथे 'लाईन' म्हटलं की रेल्वेच. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत. ही आमची मोठी लाईन. आणि मूर्तिजापूरहून दोन फाटे फुटायचे, एक अचलपूरला आणि एक यवतमाळला. ती छोटी लाईन, म्हणजेच आपली शकुंतला! इंग्रजी कंपनीनं वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी टाकलेली. १९२१ साली मँचेस्टरला बनवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धापा टाकत होतं, मग डिझेल आलं. आता तर गाडीच बंद आहे. पण आमच्या गावात अजून पत्ता सांगतात तो 'छोट्या लाईनीच्या पलीकडे' असाच. लाईन गेली, पत्ता राहिला.

अकोल्याला तिसरीच तऱ्हा. तिथून खांडव्याला मेळघाटातून मीटर गेजची गाडी जायची. २०१७ पासून ती बंद झाली. पुढे अकोट ते अकोला मोठी लाईन होऊन २०२२ मध्ये गाडी सुरू झाली.

आणि अकोल्यातलं सिव्हिल लाईन्स? तिथे ना रूळ, ना रांग. इंग्रजांच्या छावणीत शिपायांच्या बराकी ओळीनं असत, म्हणून त्यांना म्हणायचे लाईन्स. मुलकी साहेबांचे बंगले वेगळीकडे, ते सिव्हिल लाईन्स. पोलिसांची घरं ती पोलीस लाईन. साहेब गेले, बंगले पडले, तिथे फ्लॅट आले. पण नाव मात्र तेच.

म्हणजे बघा, हा शब्द आपल्याकडे पुस्तकातून आलाच नाही. तो रुळांवरून आला, छावणीतून आला, खांबावरून आला, नळातून आला. जी नवी वस्तू घरात शिरली, तिच्याबरोबर तोही शिरला. आपल्याकडे काय शब्द नव्हते? रांग होती, ओळ होती, रेघ होती. निंदायला गेलेल्या बायांची पात होती. पातीला आजही कोणी लाईन म्हणत नाही, कारण निंदण काही इंग्रजांनी आणलं नाही!

आणखी एक लाईन

आता ज्या लाईनीबद्दल लिहायचं की नाही असा मी चार दिवस विचार केला, ती लाईन.

१९७६ साली मी मॅट्रिक झाले. तेव्हा घरोघर एकच प्रश्न असायचा, "आता कोणती लाईन घेणार?" सायन्स लाईन, कॉमर्स लाईन, आर्ट्स लाईन. मुलीनं आर्ट्सच घ्यायचं, हे न सांगता ठरलेलं. पण माझी एक मैत्रीण हट्टानं सायन्सला गेली. गणितात आमच्या वर्गात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची आजी म्हणायची, "पोरीच्या जातीले काय करा लागते वो बेडकं फाडून?" वडील मात्र पाठीशी होते.

आम्ही दोघी सकाळच्या पॅसेंजरनं मूर्तिजापूरहून अकोल्याला कॉलेजला जायचो. एक दिवस घाईत तिची बायॉलॉजीची जर्नल गाडीत राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्याच वर्गातल्या एका मुलानं ती फलाटावर आणून दिली. तिनं 'थँक्यू' म्हटलं. बस, एवढंच. एक वही इकडून तिकडे गेली.

आठ दिवसांत गावात झालं, "तिची लाईन आहे."

त्या चार अक्षरांना पुरावा लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. तिच्या वडिलांनी मला घरी बोलावलं. भला माणूस. आवाजही चढवला नाही त्यांनी. एवढंच विचारलं, "तू तर रोज सोबत असते. खरं आहे काय?"

आणि मी गप्प राहिले. खोटं काही बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. मला भीती वाटली, की हिची बाजू घेतली तर उद्या माझ्याबद्दलही बोलतील. माझीही पॅसेंजर बंद होईल. मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी त्या गप्प राहण्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला.

तिची सायन्स लाईन सुटली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, अकोटकडे दिलं. मी शिकले, शिक्षिका झाले, निवृत्त झाले. बत्तीस वर्षं मुलींना 'लाईन'चे अर्थ शिकवले. पण ज्या अर्थानं एका मुलीचं शिक्षण तोडलं, तो अर्थ मी कधी फळ्यावर लिहिला नाही. शिक्षकांच्या खोलीत कोणी एखाद्या मुलीबद्दल 'तिची लाईन आहे म्हणे' असं हसत म्हटलं की मी उठून बाहेर जायचे. बाहेर जायचे, बोलायचे नाही. ती जुनी सवय.

लाईनमन मॅडम

आता पुन्हा त्या रविवारकडे येते. लाईन गेली ती फक्त आमच्याच गल्लीची. तक्रार केली. थोड्या वेळानं मोटरसायकलवरून दोघं आले. एक मुलगा आणि एक मुलगी. वय असेल पंचवीसच्या आतबाहेर. डोक्याला हेल्मेट, हातात रबरी मोजे, कमरेला पट्टा. मला वाटलं मुलगा चढेल आणि ती खालून सामान देईल. पण झालं उलटं! ती सरसर शिडीवर चढली आणि तो खाली शिडी धरून उभा राहिला.

खाली उतरल्यावर तिला पाणी दिलं. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला म्हणाली. महावितरणमध्ये आता अशा मुली आहेत, हे मी पेपरात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते. मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"खांबाची नाही वाटत मॅडम. सप्लाय बंद केला, अर्थिंग लावलं, की खांब काही करत नाही. पहिले पहिले लोकांचीच वाटे. खाली उभे राहून पाहत ना!"

"तुला म्हणतात काय लोक? लाईनमन?"

ती हसली. "लाईनमन मॅडम!"

आमच्या व्याकरणात न बसणारा शब्द. इंग्रजीची परीक्षक असते तर मी लाल शाईनं गोल केला असता. पण त्या दिवशी वाटलं, लोकांनी किती सहज उत्तर काढलं. 'मॅन' तसाच ठेवला आणि पुढे मॅडम बसवली.

त्या रात्री मी अकोटला फोन लावला. मैत्रिणीशी लग्नाकार्यात भेटी होतात, पण 'त्या' विषयावर पन्नास वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. तिला मुलीची गोष्ट सांगितली. ती खूश झाली. "आपल्या वक्ती असं असतं तर मी ट्रान्सफार्मरवर जाऊन बसली असती," म्हणाली. मग मी म्हटलं, "तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं. मी बोलले नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, खरंच लाईन कटली.

मग ती म्हणाली, "मले माहीत होतं. बाबांनी मरायच्या पहिले सांगितलं." थोडं थांबून म्हणाली, "वही तं माहीच होती ना वो. मी थँक्यू नाही म्हणू तं काय म्हणू?"

"रागावली आहेस?"

"रागावली होती. दहा-पंधरा वर्षं. मंग पोरी झाल्या, त्यांच्या मागं लागली. दोघीही सायन्सच्या केल्या." आणि मग नेहमीच्या आवाजात, "तुह्या गुडघ्याचं काय झालं?"

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. पण फोन ठेवला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

आणि शेवटी जवस

पुढच्या रविवारी पुतणीचा फोन. मी तिला माझी यादी वाचून दाखवली. वीज, पाणी, रेल्वे, रांग, शिक्षण, धंदा, प्रेम... जर्मन बाई शेजारीच बसल्या होत्या. वीज आणि पाणी ऐकून त्या थांबल्या. त्यांच्याकडेही विजेची तार, फोनची तार आणि नळाचा पाईप या तिघांना एकच शब्द आहे, तो 'लाइटुंग'! नळाच्या पाण्याला त्या लाइटुंगचंच पाणी म्हणतात. म्हणजे प्रत्येक गोष्टीला वेगळं नाव असल्याचा त्यांचा दावा काही पुरता खरा नव्हता. त्या मनापासून हसल्या.

मग उठून स्वयंपाकघरातून पावाचं पाकीट घेऊन आल्या. त्यावर लिहिलेलं पुतणीनं वाचून दाखवलं, 'लाइनझामेन'. झामेन म्हणजे बी. आणि 'लाइन' म्हणजे? पुतणीनं कॅमेरा पावाजवळ नेला. वर चकाकणारे तपकिरी, चपटे दाणे. अगं बाई, हे तर जवस!

मग सगळं कोडं सुटलं. जर्मन भाषेत जवसाच्या झाडाचं नावच 'लाइन'. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत 'लिनुम'. युरोपात जवसाच्या देठातून धागा काढतात, तो लिननचा. त्या धाग्याला लॅटिनमध्ये म्हणायचे 'लिनेआ'. गवंडी, सुतार तो धागा ताणून धरत आणि त्यावरून सरळ रेघ आखत. त्या धाग्याची झाली 'लाईन'. रेघ, रांग, तार, रूळ हे सगळे अर्थ मागून आले. लिननचं कापड आतून लावायचे, म्हणून ते लायनिंग. म्हणजे आपल्या शिवणवाल्या ताईचं अस्तरही त्याच घराण्यातलं! आपण जवसाचं तेल काढलं, चटणी केली, पेंड ढोरांना घातली. धाग्याच्या वाटेला फारसे गेलो नाही, आपल्याला कापूस होता ना!

इतक्या लांबून रुळांवर बसून, खांबावर चढून आलेला हा शब्द, शेवटी निघाला आपल्या डब्यातला.

पुतणीची सासू येत्या महिन्यात जर्मनीला जायची आहे. तिच्यासोबत द्यायला मी जवसाची चटणी कुटायला घेतली आहे. एक डबा पुतणीचा, एक त्या जर्मन बाईंचा. वहीत अर्थ लिहून घेतील तेव्हा चवही कळू दे. तिसरा छोटा डबा अकोटला पोचवायचा आहे. तो मात्र कोणाच्या हाती पाठवणार नाही. अकोल्याहून आता मोठ्या लाईनीवर गाडी जाते म्हणतात. गुडघ्याला पट्टा बांधून मीच जाऊन येईन म्हणते.

जाते, चटणी अर्धी व्हायची आहे आणि मिक्सर बंद पडलाय.

लाईन गेली वाटतं!